वहीवरचे आडनाव

कोल्हापुरातील ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वडिलांनी मला पाचवीत घातले, तिथे वर्गातील बहुतेक मुले ब्राह्मण, मराठा आणि जैन घरांतील होती. कांबळे आडनावाची मी एकटीच होते. आमच्या जिल्ह्यात हे आडनाव सांगितले की पुढचे काही विचारावे लागत नाही. म्हणून वह्यांच्या लेबलांवर मी केवळ नाव आणि तुकडी लिहीत असे.

सातवीत असताना कार्यालयातील लिपिक वर्गात आले आणि त्यांनी एस.सी. स्कॉलरशिपच्या मुलांना उभे राहण्यास सांगितले. मी उभी राहिले. अर्ज हातात पडेपर्यंत सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहत होता, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातील शेंगदाण्याची चटणी हक्काने घेणाऱ्या मैत्रिणीने ती घेणे बंद केले. ती काहीच बोलली नाही, आणि मीही तिला कारण विचारले नाही.

पुढे कॉलेजात अमेरिकेतील गोऱ्यांच्या शाळांत शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलांविषयी वाचताना मला ती मधली सुट्टी आठवली. त्यांना कातडीचा रंग लपवता येत नव्हता; मला आडनाव लपवता येत होते, आणि त्या सोयीनेच मला अधिक एकटे केले, असे मला वाटते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या 1954 मध्ये. माझ्या शहरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम 1919 मध्येच काढला होता.

हे मला शाळेने नव्हे, आजोबांनी सांगितले. ते अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंग या वसतिगृहात राहून शिकले होते. महाराजांनी एका दलिताच्या हॉटेलात चहा घेतला, ही गोष्ट शाळेत दर शाहू जयंतीला ऐकवली जाई. त्या माणसाचे नाव मात्र कोणी घेत नसे. एके संध्याकाळी आजोबांनी ते घेतले : गंगाराम कांबळे. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या नोकराला महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि त्याच्या हातचा चहा ते स्वतः चारचौघांत घेऊ लागले. आजोबा सांगत होते आणि मी मनात ते आडनाव पुन्हा पुन्हा उच्चारत होते.

आठवीत, 26 जूनच्या कार्यक्रमात मी भाषणासाठी नाव दिले. त्यात मी गंगाराम कांबळे यांचे पूर्ण नाव तीनदा घेतले आणि शेवटी माझेही पूर्ण नाव सांगितले. टाळ्या नेहमीसारख्याच वाजल्या. वर्ष नुकतेच सुरू झाले होते, वह्या कोऱ्या होत्या. त्या रात्री आजोबांच्या शेजारी बसून मी सगळ्या लेबलांवर आडनाव लिहिले.