गोन्सालोच्या सणाची रात्र आणि चार रिळं

वसईचा गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर. जपानी अस्खलित बोलायचा म्हणून फादरांचा दुभाषी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेला. १८६२ मध्ये त्याला संत जाहीर केलं. त्याच्या सणाच्या आठवड्यात मंडळाचं वार्षिक संमेलन असायचं. लिलाव, बक्षीस समारंभ, गाणी हे सगळं उन्हं उतरेपर्यंत आटपायचं, कारण अंधार पडला की पटांगणात पडदा लागायचा. सिनेमा बहुतेक वर्षी तोच, ‘द कीज ऑफ द किंगडम’. परक्या मुलखात आयुष्य घालवलेल्या धर्मगुरूची गोष्ट गोन्सालोच्या गावात दरवर्षी बघावी, याचं कोणाला नवल वाटत नसे.

सिनेमा १९४४ चा, ए. जे. क्रोनिन यांच्या १९४१ च्या कादंबरीवरचा, १३७ मिनिटांचा. १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते. म्हणजे एकूण सुमारे ४,९०० फूट, चार रिळांत. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलायला तीन वेळा थांबणं आलंच.

पडदा १२ बाय ९ फुटांचा, मांजरपाटाचा, कडेला चार बोटं काळी पट्टी. दोन इंची भिंगाला एवढं चित्र पाडायला साधारण ६३ फूट अंतर लागतं. ते टेपने मोजून चुन्याची खूण करायची. अंदाजाने टेबल मांडलं की हमखास चित्र पट्टीबाहेर सांडायचं, आणि मग माणसं बसल्यावर टेबल सरकवायची धांदल. स्पीकर पडद्यामागे, खुर्चीवर उंच. तो प्रोजेक्टरजवळ ठेवला तर मशीनची खडखड आणि संवाद एकाच जागेवरून येतात, मागच्यांना दोन्ही नीट कळत नाहीत.

खरी परीक्षा फिल्म ओवताना. गेट म्हणजे भिंगामागची खिडकी, जिथे फिल्मवर उजेड पडतो. त्याच्या वर एक लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, आणि खाली एक. वरचा लहान पडला की फिल्म ताणली जाते, भोकं फाटतात आणि चित्र उड्या मारतं. खालचा चुकला तर चित्र ठीक दिसतं, पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण १६ मिलिमीटरमध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. दिवा लावण्याआधी हाताने चक्र फिरवून दोन्ही लूप जागेवर राहतात का ते पाहायचं. प्रत्येक रिळाआधी गेट मऊ कापडाने पुसायचं. अडकलेला कण काढायला लाकडी काडी, धातूचं काही नाही. गेटला एक ओरखडा पडला की पुढची सगळी फिल्म तो अंगावर घेत जाते. रोषणाईच्या माळा त्याच लाइनवर असतील तर विजेचा दाब उतरतो आणि चित्र पिवळं पडतं. म्हणून सिनेमापुरत्या माळा बंद.

इंग्रजी सगळ्यांना कळत नसे. प्रत्येक रिळाआधी निवेदक तीन मिनिटं मराठीत पुढची गोष्ट सांगायचा. ती तीन मिनिटं मोठी कसबाची होती. सगळं सांगितलं तर बघण्यात राम उरत नाही, आणि कमी सांगितलं तर म्हाताऱ्या बाया शेजारच्या मुलाला कोपराने ढोसून विचारत राहतात. सिनेमाचा नायक फादर चिझम चीनमध्ये पोचतो तेव्हा मिशन पुरात वाहून गेलेलं असतं आणि तिथलं जोडपं पैशाशिवाय ख्रिस्ती राहायला तयार नसतं. तांदळासाठी बाप्तिस्मा घेणारे, एवढं म्हटलं की पुरे. वसईत त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

सगळे वाट बघायचे ती मिस्टर चियाच्या प्रसंगाची. फादर त्याच्या मुलाचा सडत चाललेला हात बरा करतो. उपकाराची फेड म्हणून हा श्रीमंत माणूस ख्रिस्ती व्हायला येतो. श्रद्धा आहे का, असं फादर विचारतो. नाही म्हटल्यावर त्याला परत पाठवतो. मिशनला पैसा नाही, माणूस नाही, छप्पर नाही, आणि तरी! त्या प्रसंगावर निवेदकाने आधी एक शब्दही बोलू नये, असा मंडळाचा नियम होता. पुढे चिया टेकडी देतो, तीही आधी सांगायची नाही. सगळ्या सिनेमात एवढा सुंदर नकार दुसरा नाही, आणि तो लोकांनी स्वतः ऐकला पाहिजे.

तसाच डॉक्टर टलॉक. देव न मानणारा बालमित्र मदतीला येतो, लढाईत सापडून मरतो, आणि फादर त्याच्याकडून कबुली उकळत नाही. रीळ इथे संपत असेल तर लगेच बत्ती लावायची नाही. अर्धा मिनिट अंधार राहू द्यायचा. चहा दुसऱ्या थांब्याला. पहिल्याला दिला तर माणसं अजून सिनेमात शिरलेली नसतात आणि परत येऊन बसायला वीस मिनिटं घालवतात.

ग्रेगरी पेक तेव्हा जेमतेम २८ वर्षांचा आणि त्याचा हा दुसराच सिनेमा. केस पांढरे करून तो म्हातारा होतो तेव्हा चाल आधी बदलते, हे मोठ्या पडद्यावरच दिसतं. भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

शेवटी म्हातारा फादर आणि पोरगा मासे धरायला निघतात. फिल्मची शेपटी गेटमधून सुटेपर्यंत मोटर चालू ठेवायची. मग दिवा बंद, पण पंखा पाच मिनिटं चालू, कारण गरम दिवा हलवला की त्याची तार तुटते. पडदा रात्री दवाने जड होतो. घडी करायची नाही, दोरीवर तसाच ठेवून सकाळच्या उन्हात वाळवायचा. एका वर्षी घाईने ओलाच गुंडाळला होता. पुढच्या सणाला बुरशीचे काळे ठिपके नेमके तिथे, जिथे चियासमोर फादरचा चेहरा यायचा.