तुम्ही विचारलंत म्हणून: रेणू नेमकं कोण सरकवतं?

पुण्यात कुठल्याही समारंभाला गेलं की ठरलेला प्रश्न येतो: "एकेक रेणू सरकवता येतो, तर मग त्याचं यंत्र का नाही बनवत?" पूर्वी मी सांगून टाकायचे, एसटीएमच्या, म्हणजे एकेक अणू दाखवणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या, सुईने ढकलतो. ते खोटं नव्हे. पण त्यात सगळं श्रेय सुईलाच जातं, आणि तिथेच माझं माझ्याशी भांडण आहे.

तांब्यावरचा कार्बन मोनॉक्साइड घ्या. ४ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, तो तांब्याच्या एका अणूच्या डोक्यावर उभा असतो, कार्बन खाली. ५० मिलिव्होल्ट आणि ५० पिकोअँपिअरवर चित्र घेतलं की खळगा दिसतो. सुई त्याच्यावर आणायची, व्होल्टेज १० मिलिव्होल्टवर उतरवायचं, सुई आणि तांब्यामधल्या फटीतून वाहणारा प्रवाह ५० नॅनोअँपिअरवर चढवायचा. अंतर एक अँगस्ट्रॉमने, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने, घटलं की प्रवाह साधारण दसपट होतो, म्हणजे सुई साडेतीन-चार अँगस्ट्रॉम खाली येते. मग ती आडवी न्यायची, अगदी सावकाश. रेणू घरंगळत नाही, उडी मारतो: या अणूवरून शेजारच्या अणूवर, २.५५ अँगस्ट्रॉम. दर उडीला सुईची उंची झटकन बदलते आणि आलेखात करवतीचे दात उमटतात. दात थांबले की समजायचं, रेणू मागे राहिला. कधी पुन्हा चित्र घ्यावं तर रेणू जुन्या जागी नाही, नव्या जागीही नाही, आणि आजूबाजूचे सगळे खळगे उंचवटे झालेले. तो सुईच्या टोकावर चढून बसलेला असतो. अडीच-तीन व्होल्ट देऊन उतरवून बघायचा. नाहीच उतरला, तर टोक स्वच्छ तांब्यात किंचित टोचून नवं करायचं. बाहेर पाषाण रोडवरून डंपर गेला आणि सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाच्या हवा भरलेल्या पायांनी थरथर शोषली नाही, तर दात कुठले आणि डंपर कुठला, तेही कळत नाही.

आता जोर किती लागतो ते बघा. २००८ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत तो मोजला गेला. या रेणूला १६० पिकोन्यूटन (न्यूटनचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन) लागले. कोबाल्टचा अणू प्लॅटिनमवर २१०ला हलला, तांब्यावर फक्त १७ला. अणू तोच, बदलला फक्त पृष्ठभाग! २०२०मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स विद्यापीठाच्या गटाने चांदीवरचा एक रेणू वळवून अणूंच्या रांगेशी जुळवला, तर तो त्या एकाच रांगेतून १५० नॅनोमीटर सरळ गेला. वाट चांदीनेच आखली होती.

यंत्राची तारीख माझ्याकडे नाही. खोलीच्या तापमानाला निर्वातात कार्बन मोनॉक्साइड तांब्यावर टिकतच नाही, आणि टिकेल इतका घट्ट चिकटणारा रेणू निवडला, तर तो हलवताना मोडायची भीती.