कीलहॉर्न किती आणि कुठले?

"आमचं आडनाव फारच थोड्यांचं आहे, त्यामुळे जे कोणी असतील ते सगळे आमचेच." हे वाक्य मी पुष्कळ जर्मन माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ पुणेकरांच्याही. कुलवृत्तांत छापणाऱ्या घरांत तर ते प्रस्तावनेतच असतं. त्या दिवशी ते म्हटलं ब्राउनश्वाइगहून आलेल्या एका बाईंनी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका, पायात बूट, पाठीला पिशवी, हातात कागदांची जाडजूड फाइल. त्यांचं माहेरचं आडनाव कीलहॉर्न. पुण्याचे प्रोफेसर कीलहॉर्न आपले कोण लागतात, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करते. बहुतेक काम रुक्षच असतं: जन्मदाखले, गुणपत्रिका, तिकडे निघालेल्या नर्सेसची नोंदणीपत्रं. पण जुनी जर्मन हस्तलिपी वाचता येते म्हणून अधूनमधून असं एखादं प्रकरण येतं. ही लिपी आजच्या बहुतेक जर्मन लोकांनाच वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच तिकडे झालं. त्यामुळे खापरपणजोबांचे कागद घरात असतात, पण त्यांत काय लिहिलंय ते घरात कुणालाच ठाऊक नसतं.

प्रोफेसरांविषयी बाईंना सगळं पाठ होतं. फ्रान्झ कीलहॉर्न, जन्म १८४० चा, ऑस्नाब्रुकचा. १८६६ ते १८८१ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. नागोजीभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखर' या व्याकरणग्रंथाचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर त्यांचं, पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांतली आवृत्तीही त्यांचीच. पुण्यातल्या शास्त्र्यांसमोर बसून ते व्याकरण शिकले. पुढे ग्योटिंगनला गेले आणि १९०८ साली तिथेच वारले. ब्यूलर हे दुसरे जर्मन संस्कृत पंडित आणि कीलहॉर्न या जोडीनं सुरू केलेल्या बॉम्बे संस्कृत सिरीजची पुस्तकं संस्कृतवाल्यांच्या कपाटांत अजून असतात. त्यामुळे पुण्यात हे नाव दुर्मीळ वाटत नाही. ते दुर्मीळ आहे जर्मनीत.

किती दुर्मीळ, हे बघायचं तर तिकडे सोय चांगली आहे. माइन्झच्या विज्ञान आणि साहित्य अकादमीत २०१२ पासून जर्मनीतल्या आडनावांचा डिजिटल कोश तयार होतोय, डार्मश्टाटचं तांत्रिक विद्यापीठ त्यात सोबत आहे. त्याच्या नकाशांमागे आकडे आहेत ते २००५ सालच्या घरगुती फोनजोडण्यांचे. फोनची यादी, आणि तीही इतकी जुनी, यावर आमच्या ऑफिसात शिकायला येणारा मुलगा नेहमी हसतो. पण त्यानंतर लोकांनी लँडलाइन सोडायला सुरुवात केली आणि इतकी भरगच्च यादी पुन्हा मिळाली नाही. एक फोन म्हणजे एक घर, म्हणून माणसं मोजताना आकड्याला तीनपेक्षा थोड्या कमीनं गुणतात. म्युलर आडनावाचे फोन अडीच लाखांहून जास्त, म्हणजे माणसं सात लाखांच्या घरात. मॅक्सम्युलरनं आपलं 'मॅक्स' आडनावाला चिकटवून घेतलं ते याच गर्दीमुळे. कीलहॉर्न यांच्यासमोर काहीच नाहीत. हिशोब शेकड्यांतला, आणि तोही बराचसा एकाच भागातला: लोअर सॅक्सनी, म्हणजे हानोफर-ब्राउनश्वाइगचा पट्टा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हौशी माणसं हमखास इथेच फसतात. नकाशे दोन प्रकारचे असतात. नुसती संख्या दाखवणाऱ्या नकाशावर बर्लिन आणि हाम्बुर्ग कायम गडद दिसतात, मग नाव कुठलंही असो. तिथे सगळ्यांचेच नातेवाईक नोकरीला गेलेले असतात. खरं गाव शोधायचं तर दर दहा लाख फोनांमागे किती, असं बघायचं. मग बर्लिन फिकं पडतं आणि कुठलातरी आडबाजूचा जिल्हा उजळतो. बाईंनी पहिल्या प्रकारचा नकाशा घरून छापून आणला होता आणि बर्लिनभोवती लाल गोल काढला होता. दुसरा दाखवल्यावर त्यांनी तो गोल तिथल्या तिथे खोडला.

"पण अर्थ काय?" मुलानं विचारलं. बाई म्हणाल्या, "कील म्हणजे जहाजाच्या बुडाचा कणा, हॉर्न म्हणजे शिंग. आमच्यात कुणीतरी खलाशी असणार."

आजच्या प्रमाण जर्मनमध्ये शब्दांचे अर्थ तेच आहेत, पण आडनाव प्रमाण जर्मनमध्ये घडलेलंच नाही. उत्तरेतल्या शेता-शिवारांच्या नावांत 'हॉर्न' म्हणजे पुढे घुसलेला जमिनीचा कोपरा, आणि तिथल्या सखल जर्मन बोलीत 'कील' म्हणजे पाचर. दक्षिणेकडे हाच शब्द 'काइल' झाला, उत्तरेत जुना दीर्घ ई तसाच राहिला. सखल जर्मन बोलींची दक्षिण सीमा डुसेलडॉर्फजवळून निघून कासेलकडे आणि पुढे माग्डेबुर्गकडे जाते. ऑस्नाब्रुक आणि ब्राउनश्वाइग दोन्ही तिच्या उत्तरेला. म्हणून मला पटतो तो अर्थ असा: पाचरीच्या आकाराचा शेताचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात राहणारं कुटुंब. समुद्र यात कुठेच नाही. बाई थोड्या हिरमुसल्या. घराण्यात एखादा खलाशी असलेला सगळ्यांनाच आवडतो.

मुलगा म्हणाला, "म्हणजे ताई, आपल्या 'कर'सारखंच." तसं नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. जर्मन आडनावं ढोबळपणे पाच वाटांनी येतात: बापाच्या नावावरून, धंद्यावरून, गुणावगुणांवरून, मूळ गावावरून आणि राहत्या जागेवरून. शेवटच्या दोन एकीसारख्या एक दिसतात, पण वागतात उलट्या. मूळ गावाचं नाव गाव सोडल्यावर लागतं. राजापुरात राहणाऱ्याला राजापूरकर म्हणून ओळखण्यात काय अर्थ? तो पुण्याला आला की राजापूरकर होतो. राहत्या जागेचं नाव मात्र माणूस तिथे असतानाच पडतं: नाल्याकाठचा, टेकडीवरचा, कोपऱ्यातला. आणि पाचरीच्या आकाराचे कोपरे तर गावोगाव असतात. तेव्हा कीलहॉर्न हे नाव दोन-तीन ठिकाणी आपापलं उगवलं असायला काहीच हरकत नाही. आडनाव दुर्मीळ आहे म्हणून मूळपुरुष एकच, हे यातून निघत नाही. मी हे बोलून दाखवलं. बाईंनी शांतपणे फाइल उघडली. त्यांच्याकडे हुकमाचं पान होतं, असं त्यांना वाटत होतं.

आजोबा ब्राउनश्वाइगला कारखान्यात कामाला आले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुठून आले हे बाईंनी निवृत्तीनंतर शोधून काढलं. सबंध जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८७६ ला. त्यामागे जायचं तर चर्चची पुस्तकं. एकेक पिढी मागे जात त्या ऑस्नाब्रुकच्या आसपासच्या एका खेड्यात पोचल्या होत्या. प्रोफेसरांचा जन्म ऑस्नाब्रुकचा! आता कोण म्हणेल हा योगायोग आहे? शेवटचा कागद तेवढा वाचायचा राहिला होता. १७९० नंतरच्या दशकातली लग्नाची नोंद. शाई उतरलेली, पाद्रीबुवांचं अक्षर आडवंतिडवं. यासाठीच त्या माझ्याकडे आल्या होत्या. एरवी पुण्यातली स्थळं बघायला गाइड पुष्कळ.

मी भिंग घेतलं. नवऱ्याचं नाव योहान हाइनरिश. पुढे एक छोटं आडनाव, मग आखूड केलेला एक शब्द, मग कीलहॉर्न. मधला शब्द 'गेनांट', म्हणजे आपलं 'उर्फ'. बायकोच्या नावापुढे 'विधवा', आणि माहेरचं आडनाव तिसरंच.

ऑस्नाब्रुकच्या आणि वेस्टफालियाच्या मुलखात हा शब्द दिसला की हातातला पेन खाली ठेवायचा असतो. तिथे आडनाव माणसाचं नसायचं, शेताघराचं असायचं. ज्या वाड्यावर राहाल त्या वाड्याचं नाव लावाल. मुलगा नसेल तर मुलीशी लग्न करून येणारा जावई सासऱ्याच्या वाड्याचं नाव लावी. मालक मेला आणि विधवेनं दुसरं लग्न केलं, तर दुसरा नवराही पहिल्याचं नाव लावी, कारण ते पहिल्याचंही नव्हतंच, वाड्याचं होतं. सख्ख्या भावांची आडनावं त्यामुळे वेगळी असू शकत. प्रशियाच्या सरकारनं आपल्या ताब्यातल्या वेस्टफालियात ही पद्धत १८२२ साली बंद करायला घेतली. कारकुनांना सोय हवी होती आणि शेतकऱ्यांना काही बिघडलेलं दिसत नव्हतं. आपल्याकडे घरजावई सगळं सोसेल पण आडनाव बदलणार नाही, असं मी म्हटलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. त्यांना कागदाचा अर्थ लागला होता.

तो असा. हा योहान हाइनरिश कीलहॉर्नांच्या वाड्यावर विधवेचा दुसरा नवरा म्हणून आला. ती विधवा स्वतः दुसऱ्याच घरातून आलेली. बाईंचा वंश या दोघांच्या लग्नानंतर जन्मलेल्या मुलापासून, ती बाप्तिस्म्याची नोंद त्यांच्याच फाइलीत होती. म्हणजे मुलाला नाव मिळालं कीलहॉर्न, पण कीलहॉर्नांचं रक्त ना बापाकडून आलं ना आईकडून. पहिल्या नवऱ्याची मुलं असतील तर ती 'खरी', पण त्या पहिल्या नवऱ्याचा आजासुद्धा असाच आला नसेल कशावरून? त्या मुलखात 'खरी' हा शब्दच मला अवघड वाटतो. आणि मग नकाशावरच्या त्या काही शे कीलहॉर्नांचं काय मोजलं आपण? फोनच्या यादीत छापलेलं नाव मोजलं. नाती मोजली नाहीत.

बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मी चहा मागवला. मग त्यांनी विचारलं, ते माझ्या कायम लक्षात राहील असं होतं. "आणि माझ्यासारख्या? आम्हाला तुमच्या नकाशात कुठे धरतात?" त्यांचं लग्न झालं तेव्हा जर्मन कायद्यानं बायकोला नवऱ्याचं आडनाव लावणं भाग होतं. घराचं आडनाव म्हणून बायकोचं नाव निवडायची मुभा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, एकमत न झाल्यास नवऱ्याचंच नाव ही तरतूद घटनात्मक न्यायालयानं १९९१ साली मोडीत काढली, आणि दोघांनीही जोड-आडनाव लावायची मोकळीक तर २०२५ च्या मेपासून मिळाली. त्या तीन बहिणी, भाऊ नाही. तिघींच्या घरचे फोन तीन वेगळ्या आडनावांवर. जन्मानं कीलहॉर्न असून त्या नकाशात नाहीत, आणि त्या नकाशात जे आहेत त्यांतल्या कित्येकांच्या मागे कुणीतरी योहान हाइनरिश उभा असणार. दुर्मीळ आडनावं अशीच आणखी दुर्मीळ होत जातात, माणसं न मरता.

मला वाटलं होतं त्या प्रोफेसरांचा नाद सोडतील. छे. म्हणाल्या, "महाभाष्याचं पुस्तक तरी बघू दे. इतक्या लांब आलेय." मुलगा त्यांना संध्याकाळी रिक्षानं येरवड्याला डेक्कन कॉलेज दाखवून आला.

पण निघण्यापूर्वी त्यांनी तो प्रश्न विचारलाच, जो मी टाळत होते. "गेनांटच्या आधी जे आडनाव आहे, ते कुठलं? माझं मूळ आडनाव ते."

मी भिंग त्यांच्याकडे दिलं. चार-पाच अक्षरं, त्यांनाही लागली असती. मायर.

जर्मनीत हे नाव अनेक स्पेलिंगांनी लिहितात आणि सगळी मिळून म्युलरच्या रांगेत जाऊन बसतात. त्यांतलं एक, जे या कागदावर होतं, ते खास वायव्येकडचं, लोअर सॅक्सनीचं. मोठ्या जमीनदाराचं शेत सांभाळणारा तो मायर, आणि अशी शेतं प्रत्येक गावात. नकाशा काढला असता तर ऑस्नाब्रुकपासून ब्राउनश्वाइगपर्यंत सगळंच काळं झालं असतं. बाई भिंग टेबलावर ठेवत म्हणाल्या, "माझ्याच जिन्यावर दोन मायर राहतात. एकाशी मी बोलत नाही."

एक गोष्ट मात्र बरी होती. त्या नोंदीत नवऱ्याचं जन्मगाव लिहिलेलं होतं. त्यांनी त्या गावच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकाची पानं मागवली आणि मला मेलनं पाठवली. पहिल्याच पानावर तीन मायर सापडले. तिघांचंही नाव योहान हाइनरिश.