बाबांची फाइल आणि कोरे चौकोन

"माझे ठसे आता कुठं गेले गं?" मुंबईच्या कॅनडा व्हिसा अर्ज केंद्रातून बाहेर पडल्या पडल्या बाबांनी फोनवर विचारलं. 2024 चा एप्रिल होता. पहाटेची गाडी धरून दोघं साताऱ्याहून गेले होते. आईचे ठसे मशीन घेईना. भाकरी थापून, भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. चौथ्या खेपेला जमलं. बाबा 71 वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत ते तो सोडत नाहीत. मला उत्तर देता आलं नाही. कॅनडात सात वर्षं काढली, स्वतःचे ठसेही दिले, पण ते जातात कुठं हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग शोधलं आणि त्यांना कळवलं. व्हिसा मागणाऱ्या 14 ते 79 वयाच्या बहुतेक सगळ्यांना ठसे आणि फोटो द्यावे लागतात. केंद्र खाजगी कंपनी चालवते, पण तिथे घेतलेले ठसे सांकेतिक रूपात कॅनडाला रवाना झाले की केंद्राच्या संगणकावरून पुसले जातात. ते जातात आरसीएमपीकडे, म्हणजे इथल्या केंद्रीय पोलिसांकडे, आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. एकदा दिलेले ठसे अर्जांसाठी 10 वर्षं चालतात, साठवले जातात 15 वर्षं. मधल्या काळात माणूस कॅनडाचा नागरिक झाला तर ते काढून टाकतात. शिवाय अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याकडेही विचारणा होते. तेव्हा नुसता ठसा जातो, नाव जात नाही. जुळला तरच पुढची माहिती मागितली जाते.

"म्हणजे नावाशिवाय बोट," बाबा म्हणाले. त्यांना ते पटलं.

जूनमध्ये नकार आला. पत्रात दोन ओळी: भारतातले कौटुंबिक संबंध पाहता तुम्ही मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री वाटत नाही. बाबांना हे फार लागलं. साताऱ्याजवळ साडेतीन एकर, स्वतःचं घर, कोल्हापुरात मुलगा, सून, दोन नातू. एवढं सगळं सोडून ते माझ्या किचनर शहरातल्या दोन खोल्यांत राहायला येणार होते का?

मी आयआरसीसीला, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याला फोन लावला. अर्ज क्रमांक होता, बाबांची जन्मतारीख होती, पासपोर्टचा फोटो होता. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की अर्जदाराच्या लेखी संमतीशिवाय त्यांच्या अर्जाबद्दल मला काहीही सांगता येणार नाही. मी म्हणाले, अहो, मी त्यांची मुलगी आहे. त्या म्हणाल्या, कळतंय मला, पण माहिती त्यांची आहे.

फोन ठेवला तेव्हा मी चिडले होते. रात्री मात्र वेगळंच मनात आलं. व्हिसाच्या अर्जाला आम्ही सातबारा जोडला होता. तोच सातबारा गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की महाभूलेखवर कुणालाही दिसतो. जमिनीचे व्यवहार उघड राहावेत म्हणून तो तसा आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसलाय: कागद घरचा असला की घरातल्या कुणीही तो मागावा आणि मिळावा. इथे माझ्या वडिलांच्या माहितीवर माझाही हक्क नव्हता. वडिलांना इतकं स्वतंत्र माणूस समजणारं कुणी त्याआधी माझ्या पाहण्यात नव्हतं.

संमतीचा फॉर्म पाठवला. बाबांनी सही करून, स्कॅन करून परत केला. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली 5 डॉलर भरून मी त्यांच्या फाइलची प्रत मागितली. आपला माहिती अधिकार 2005 चा, इथला 1983 पासून लागू आहे. त्याच्या जोडीला त्याच वर्षीचा गोपनीयतेचा कायदाही आहे. त्याखाली स्वतःची माहिती फुकट मागता येते. पूर्वी हा हक्क फक्त कॅनडाच्या नागरिकांना, कायमच्या रहिवाशांना आणि कॅनडात असलेल्यांना होता. जुलै 2022 पासून साताऱ्यात बसलेल्या माणसालाही तो मिळालाय. ही गोष्ट गावाकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आयआरसीसीकडे वर्षाला माहिती मागणारे असे लाखाहून जास्त अर्ज येतात. कॅनडाच्या माहिती आयुक्त कॅरोलिन मेनार्ड यांनी 2021 मध्ये याची चौकशी केली आणि कारण स्पष्ट लिहिलं: आपल्या अर्जाचं काय झालं हे लोकांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. त्यानंतर थोडी सुधारणा झाली. जुलै 2025 पासून काही प्रकारच्या नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदीही जोडून येतात. पूर्ण फाइल मात्र अजूनही मागावीच लागते.

आमची 28 व्या दिवशी आली. मी ती व्हिडिओ कॉलवर बाबांसोबत उघडली. तारखा, सांकेतिक अक्षरं, मग अधिकाऱ्याच्या चार-पाच ओळी. मध्येच मोठे पांढरे चौकोन आणि त्यांच्या कोपऱ्यात कलमाचा आकडा. 15(1) म्हणजे परराष्ट्र संबंध आणि सुरक्षा. 16(1) म्हणजे तपासाचा भाग. आणि जागोजागी 19(1), म्हणजे दुसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती.

"ही दुसरी व्यक्ती कोण?" बाबांनी विचारलं. ती आई होती. तिच्या पासबुकाची पानं, तिचा पासपोर्ट क्रमांक, सगळं कोरं. संमतीच्या फॉर्मवर सही फक्त बाबांची होती, म्हणून फाइल फक्त बाबांची मिळाली. लग्नाला 45 वर्षं झालेला माणूस त्या पांढऱ्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिला.

नकाराचं कारण तिसऱ्या पानावर होतं. कुटुंबाच्या फॉर्ममध्ये मुलं किती, तर एक. मी. माझ्या भावाचं नावच नव्हतं. समोर असलेल्या कागदांवरून अधिकाऱ्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता: या जोडप्याचं एकुलतं एक अपत्य कॅनडात आहे. संपर्कासाठी ईमेलही बाबांचा नव्हता, अर्ज भरून देणाऱ्या एजंटचा होता.

बाबांनी तो फॉर्म पाहिलाच नव्हता. एजंटने कागद व्हॉट्सॲपवर मागवले, ओटीपी विचारला, बाबांनी सांगितला. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या आईबापांना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, कोऱ्या कागदावर सही करू नका. ओटीपी देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणंच, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले. चूक माझीही होती. एजंट मीच सुचवला होता आणि तो अधिकृत आहे का हे पाहिलं नव्हतं. पैसे घेऊन असा अर्ज भरायचा तर कॅनडातला वकील तरी असावं लागतं किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा, जिला इथे कॉलेज म्हणतात, परवाना तरी. परवाना असलेल्यांची यादी त्या कॉलेजच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. दोन मिनिटांचं काम होतं.

मला आजही सलतं ते हेच. एक सरकारी खातं बाबांची माहिती त्यांच्या मुलीलाही देत नव्हतं, आणि आम्ही तीच माहिती, पासपोर्ट, पासबुक, पॅन, आधार, एका अनोळखी माणसाच्या फोनवर पाठवून मोकळे झालो होतो. ती अजून तिथेच असणार. पुसून टाका म्हणून मी दोनदा कळवलं. उत्तर आलेलं नाही.

दुसरा अर्ज बाबांनी स्वतः भरला, कोल्हापुरात भावाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या ईमेलवरून. आधीच्या अर्जात काय चुकलं तेही एका पत्रात लिहून जोडलं. ठसे पुन्हा द्यावे लागले नाहीत. व्हिसा आला आणि पुढच्या सप्टेंबरात, मेपलची पानं रंगायला लागली तेव्हा, दोघं माझ्या घरी आले.

एका दुपारी बाबा ती छापलेली फाइल आईला वाचून दाखवत होते. गावी ती सातबाऱ्यासोबत ट्रंकेत असते, पण येताना त्यांनी बरोबर आणली होती. पांढऱ्या चौकोनापाशी थांबून ते म्हणाले, "इथं तू आहेस."

आईने चौकोनावर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, "माझीपण मागव गं. मला बघायचंय काय लिहिलंय ते." मी फॉर्म छापून आणला. पासपोर्टवर आहे तशीच, मराठीत, पूर्ण नावानिशी तिने सही केली आणि पेनाचं टोपण लावून माझ्याकडे दिलं.