तिसऱ्या जजची पसंती

आभासी डॉग शोच्या खेळात मी सलुकी जातीची कुत्री निवडली, त्यामागचं कारण घरचं आहे. आम्ही लातूरकडचे. लांब पायांची, खोल छातीची, पोट आत ओढलेली कारवानी कुत्री आणि कानाला झुलपं असलेली पश्मी बघतच मोठी झाले. सलुकी मध्यपूर्वेतली, पण चण तीच.

खेळातले नियम अमेरिकन केनेल क्लबच्या धर्तीवरचे आहेत. चॅम्पियन व्हायला 15 पॉइंट लागतात. एका शोमध्ये 1 ते 5 मिळतात, आणि किती ते तुमच्या जातीच्या किती कुत्र्यांना (नराने नरांना, मादीने माद्यांना) हरवलं यावर ठरतं. 3 किंवा जास्त मिळाले तर तो मेजर. असे दोन मेजर दोन निरनिराळ्या जजकडून हवेत, शिवाय थोडे तरी पॉइंट तिसऱ्याच जजकडून. एकाच्या आवडीवर कुणी चॅम्पियन होऊ नये, यासाठी ही अट. खेळ बनवणाऱ्यांनी ती तशीच ठेवली हे मला फार आवडलं. खरी गंमत तिथेच आहे.

माझी मादी वीज. चाल अशी की जमिनीला पाय लागतो की नाही कळू नये. उंचीला मात्र लहान, आणि डोळे थोडे फिकट. स्टँडर्डमध्ये, म्हणजे त्या जातीचं कुत्रं कसं असावं याच्या लेखी वर्णनात, डोळे गडद ते हेझल (पिंगट) म्हटले आहेत, तेव्हा तिथे ती कमीच पडणार. उंचीचं तसं नाही. नर सरासरी 23 ते 28 इंच असावा आणि मादी त्याहून बरीच लहान चालेल, असं स्टँडर्ड सांगतं. एवढी मोकळीक दिली की एका जजला उंच सलुकी भावते, दुसऱ्याला आटोपशीर. दोघंही स्टँडर्डला धरूनच असतात. म्हणून जजच्या पसंतीला पक्षपात म्हणणं मला पटत नाही.

दोन जज चालीला मान देणारे निघाले. पहिला मेजर आणि बरेचसे पॉइंट तिथून आले. पुढे गाडी अडली. मग मी वही घातली. प्रत्येक जजचे जुने निकाल काढून उंची, केस, डोकं, चाल, अंगकाठी असे रकाने भरत गेले. पहिल्या नंबरावरून फारसं कळत नाही, कारण खरोखर उत्तम कुत्रं बहुतेकांकडे जिंकतंच. जजचं मन दिसतं ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरात, जिथे प्रत्येकात काहीतरी उणं असतं आणि कोणतं उणं चालवून घ्यायचं हे त्याला ठरवावं लागतं.

एका बाईंचे निकाल काही केल्या जुळेनात. उंच, बुटकी, झुपकेदार शेपटीची, अगदी तुळतुळीत, सगळ्या तऱ्हेची कुत्री त्यांनी वर आणली होती. रात्री उशिरा अंगकाठीच्या रकान्यावर बोट फिरवत गेले तेव्हा उलगडलं: त्यातलं एकही कुत्रं सैल अंगाचं नव्हतं. मांड्या भरलेल्या, पाठ घट्ट. सलुकीच्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय की खोल वाळूतून किंवा खडकाळ डोंगरातून हरणाचा पाठलाग करून ते मारण्याची ताकद तिच्यात दिसली पाहिजे. बाई ते वाक्य मनावर घेऊन रिंगमध्ये उभ्या होत्या. खेळातल्या जजबद्दल इतका आदर वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

मग शो थांबवले आणि विजेचा सगळा वेळ धावण्याच्या सरावाला दिला. ग्रूमिंगचा आकडा घसरला, घसरू दिला. अंग कमावल्यावरच बाईंकडे एन्ट्री भरली, तीही मोठ्या शोची, कारण मादी पुरेशा नसतील तर मेजर होतच नाही. वीज जिंकली आणि दुसरा मेजर मिळाला. तिसऱ्या जजची अटही त्यातच भागली. राहिलेले पॉइंट चालीवाल्या जजकडून सहज आले.

आता तिच्यासाठी नर शोधते आहे. गडद डोळ्यांचा हवा, आणि त्याची पिल्लंही अंगानं घट्ट निघालेली हवीत. वहीत त्यासाठी नवा रकाना आखलाय.