देवरीचे घडियाल पाहा, मग चंबळची वाळू पाहा

मुरैना सोडून धौलपूरच्या दिशेने निघालं की चंबळचा पूल येण्याआधी देवरी लागतं. इथे मध्य प्रदेश वनविभागाचं घडियाल संगोपन केंद्र आहे. घडियाल म्हणजे लांब, चिंचोळ्या जबड्याचा, मगरीच्या कुळातला नदीतला प्राणी. पुण्याहून झेलम किंवा मुंबईहून पंजाब मेलने ग्वाल्हेर गाठायचं, पुढे गाडीने तासा-दीड तासाचा रस्ता. आम्ही हिवाळ्यात गेलो. घडियाल पाहायला हाच काळ सर्वांत चांगला. सकाळी केंद्र पाहावं आणि ऊन चढल्यावर नदीवर जावं, कारण थंडीत हे प्राणी उन्हासाठीच वाळूवर येतात.

1970च्या दशकात देशात जेमतेम दोनशे घडियाल उरले होते. 1975मध्ये मगरी आणि घडियाल वाचवण्यासाठी मगर प्रकल्प सुरू झाला. आज एकट्या चंबळमध्ये त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. तरीही धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत हा प्राणी ‘अतिसंकटग्रस्त’च आहे, कारण बाकीच्या नद्यांमधून तो जवळपास संपला.

मादी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये वाळूत हातभर खोल खड्डा करून तीस ते पन्नास अंडी घालते. त्यांतली थोडी अंडी, वर्षाला साधारण दोनशे, देवरीला आणली जातात. या कामात सगळ्यात जपावं लागतं ते अंड्याच्या दिशेला. गर्भ आतून कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो. अंडं उलटलं की तो दबून मरतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला खूण करतात आणि त्याच घरट्याची वाळू पेटीत भरून, त्याच स्थितीत ते ठेवतात. पिल्लू नर होणार की मादी, हे तापमान ठरवतं. 32 अंशांच्या आसपास नर जास्त निघतात, त्याहून बरंच कमी झालं तर माद्या. सगळी अंडी एकाच तापमानाला उबवली तर एकाच लिंगाची पिल्लं मिळण्याचा धोका असतो.

जूनमध्ये पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात, वीतभर शरीर आणि तेवढीच शेपटी. नदीतली बहुतेक पिल्लं पहिल्याच पुरात वाहून जातात, शंभरातली एक-दोनच मोठी होतात. तो कठीण काळ टाक्यांमध्ये निघावा, एवढ्यासाठी हे केंद्र. पण टाकीतही अडचणी आहेतच. हलणाऱ्या वस्तूवरच झडप घालायची सवय असल्याने लहानपणी जिवंत मासळी द्यावी लागते. उरलेली मासळी कुजली की पाणी बिघडतं आणि कातडीला बुरशी धरते. मोठी पिल्लं लहानांचा घास पळवतात, म्हणून आकारानुसार टाक्या वेगळ्या कराव्या लागतात. थंडीत पिल्लं खाणं सोडतात आणि ऊब मिळवायला कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. चिंचोळा जबडा नाजूक असतो, त्यामुळे टाकीच्या कडेवर टकटक करून त्यांना बिचकवू नका. दचकलेलं पिल्लू भिंतीवर आपटतं.

साधारण तीन वर्षांत लांबी 120 सेंटीमीटर झाली की शेपटीवरचे ठरावीक खवले कापून ओळखखूण करतात आणि थंडीत नदीत सोडतात. आमच्या मते इथपर्यंतचं काम सोपं. खरा प्रश्न नदीचा आहे. मोठा घडियाल पोट उचलून चालू शकत नाही, पोटावर घसरत सरकतो. त्याला खोल डोह आणि त्याला लागून हलक्या उताराचं वाळवंट, दोन्ही एकाच ठिकाणी हवं. वाळूउपशाने तीच जागा जाते. पाणी घटलं की बेटं काठाला जोडली जातात आणि कोल्हे-कुत्री घरट्यांपर्यंत पोहोचतात. मासेमारीच्या जाळ्यात जबडा अडकला तर प्राणी बुडून मरतो. 2007-08च्या हिवाळ्यात तर शंभराहून जास्त घडियाल मेले. तपासणीत मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली आणि संशय चंबळ जिला मिळते त्या यमुनेतून आलेल्या विषारी द्रव्यांवर गेला.

चंबळकाठच्या राजघाटावरून नाव मिळते. वाळूवर रुंद तोंडाचा, अंगावर चिखल असलेला दिसला तर ती मगर. लांब सडसडीत जबड्याचा, हिरवट-करडा तो घडियाल. जबड्याच्या टोकाला मडक्यासारखा उंचवटा असला तर तो वयात आलेला नर. नावाड्याला इंजिन लांबूनच बंद करायला सांगा. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर वाळूवर उतरू नका. माद्या अंडी घालण्याआधी जागोजागी उकरून पाहत असतात, आणि माणसांची वर्दळ वाढली तर ती जागा सोडून देतात.