दुपारचा हम एकदाचा सापडला

मंडळी, हम, म्हणजे हेडफोनमधली ती सततची घर्रर्र, गेला. काही वाजत नसताना व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत नेला तरी एचडी ६०० हेडफोनमध्ये फक्त अँपची ती बारीक सुस्स, आणि ती असणारच. काल दुपारी दोन वाजता, कूलर फुल चालू असताना ऐकून खात्री केली, आणि हे कूलरचं मुद्दाम सांगतोय, का ते पुढे येईल.

मागचा अपडेट ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी एका दमात: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय) वर व्होल्युमिओ (गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर), तिथून यूएसबीने डॅक (डिजिटलचा आवाज करणारा डबा), डॅकमधून आरसीए केबलने हेडफोन अँप (तीन पिनवालं, आत साधा ट्रान्सफॉर्मर, एका हौशी माणसाने हाताने बनवून दिलेलं), पुढे एचडी ६००. शिवाय पायची मायक्रो एचडीएमआय हॉलच्या टीव्हीला, अल्बमचं कव्हर मोठ्ठं दिसावं म्हणून. डॅकच्या डिस्प्लेवर सॅम्पल रेट कायम ४८ किलोहर्ट्झ दिसायचा ती भानगडसुद्धा सुटली बरं का, सगळं अल्साच्या (लिनक्समधली आवाजाची यंत्रणा) डीमिक्स या मिसळणाऱ्या भागातून जात होतं आणि ते डीफॉल्टला सगळ्याचं ४८ करतं, सेटिंगमध्ये थेट एचडब्ल्यू (हार्डवेअर) डिव्हाइस दिला आणि मिक्सर 'नन', म्हणजे बंद, केला की सीडी रिपला झक्क ४४.१ येतं. कानाला फरक कळला का? नाही. पण तो आकडा बरोबर दिसला की जेवण गोड लागतं.

आता हम. थंडीत काहीच नव्हतं. होळी झाली, अमळनेरात ऊन तापायला लागलं आणि दुपारी घर्रर्र सुरू. सकाळी नाही. रात्री कधी असायचा कधी नसायचा, आणि त्यानेच डोकं फिरलं, कारण नेमका दुपारचाच असता तर निदान व्होल्टेजवर ढकलता आलं असतं. त्रास कुठे व्हायचा तर आलापात. माझ्याकडे पांढरी एक (सी) या सुरातलं एक जुनं रेकॉर्डिंग आहे, त्यातला अगदी खालचा पंचम ४९ हर्ट्झला बसतो, आणि आपली लाइट ५० हर्ट्झची. म्हणजे तानपुऱ्याखाली कुणीतरी किंचित चढा पंचम धरून बसलंय आणि सोडतच नाही. ढोलकी-ताशावाल्या गाण्यात हे कळणारही नाही, इथे मात्र जीव नकोसा होतो.

तुम्ही लोकांनी जे जे सुचवलं ते सगळं करून झालं होतं. अँपचे फिल्टर कपॅसिटर गेले असतील, बदल, असं बरेच जण म्हणाले. तर दोन गोष्टींवरून ते बाद केलं. एक, हम व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत होता, म्हणजे तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबच्या) आधीच आत शिरतोय, अँपच्या सप्लायमधून येत असता तर पॉट शून्यावर नेल्यावरही तसाच राहिला असता. दुसरं, अँपचं आउटपुट बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज त्याचा आलेख) काढला तर शेंडे ५०, १५०, २५० ला. ब्रिज रेक्टिफायरनंतरचा रिपल (एसीचं डीसी केल्यावर उरणारी लहर) १०० ला दिसतो आणि १०० ला तर जवळजवळ काहीच नव्हतं. ज्यांच्याकडे हम आहे त्यांनी कपॅसिटर मागवायच्या आधी हे एकदा करून बघाच, फुकटात होतं.

मग संशय पायच्या अडॅप्टरवर. दोन पिनवाल्या एसएमपीएसमध्ये (चार्जरसारख्या सप्लायमध्ये) प्रायमरी-सेकंडरीच्या, म्हणजे मेनच्या आणि आउटपुटच्या बाजूच्या, मध्ये वाय कपॅसिटर असतो, त्याच्यातून थोडं लीकेज येतं हे माहितीच आहे सगळ्यांना (चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या मेटल बॉडीवर हात फिरवला की जे खरखरीत लागतं ते तेच). पाय पॉवरबँकवर टाकला. हम जसाच्या तसा! डॅकला पायऐवजी बॅटरीवरचा लॅपटॉप लावला, हम गायब. म्हणजे पाय लावला की आहे पण पायच्या सप्लायमुळे नाही. या दोन टेस्टनी मला जो घुमवलाय ना. पायमध्येच काही फॉल्ट आहे का इथपर्यंत गाडी गेली, मित्राचा पाय आणून लावला, तोही तसाच घरघरला.

मधे यूएसबी आयसोलेटरही (डेटा जाऊ देऊन ग्राउंड तोडणारा डबा) मागवला होता. ऑनलाइनच्या पानावर ठळक लिहिलेलं हायस्पीड, उघडून बघतो तर आत एडीयूएम ४१६०. ती चिप फुलस्पीडची, १२ एमबीपीएस, आणि माझा डॅक फक्त यूएसी २ (हायस्पीड यूएसबीवरची ऑडिओची पद्धत) बोलतो, त्यामुळे पायला तो दिसलाच नाही. विक्रेत्याचं उत्तर, परत घ्यायची मुदत संपली. असो. घेणाऱ्यांनी चिपचा नंबर विचारूनच घ्या, वर छापलेल्या शब्दावर जाऊ नका. आणि चांदीची यूएसबी केबल लाव असा मेसेज मला पुन्हा कुणी करू नका प्लीज.

वायरमनला विचारलं तर पहिला सल्ला ठरलेला, अँपची अर्थ पिन काढून टाका. हम जातो, खरंय, मी क्षणभर दोन पिनची पट्टी लावून बघितलंही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं तर २३० व्होल्ट बॉडीवर आणि बॉडीला जोडलेली वस्तू माझ्या डोक्यावर. हा जुगाड नेटवर अजूनही राजरोस सांगितला जातो, मला तो अजिबात मान्य नाही. शिवाय एवढं मात्र कळलं की अर्थच्या वायरीतून काहीतरी वाहतंय.

खरा धागा बहिणीने दिला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली होती, दुपारी कूलरमध्ये पाणी टाकायला गेली आणि हात झटकत मागे आली, म्हणे दादा चिमचिम होतंय याला हात लावला की. आई सांजोऱ्या तळत होती, मान न वळवता म्हणाली, "त्या कूलरले चप्पल घालीसनच हात लावानं." म्हणजे घरात सगळ्यांना माहीत! आईची एक स्लिपर कायम कूलरपाशी पडलेली असते, ती का, हे मी आजवर विचारलंच नव्हतं.

पहिलं काम कूलरचा प्लग काढला. मग पुन्हा लावून, कुणाला जवळ फिरकू न देता, टेस्टर कूलरच्या पत्र्याला: पेटला. तोच टेस्टर अँपच्या बॉडीला टेकवला. तिथेही पेटला, मंद, पण पेटला. मीटर काढला. अँपच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ ३८ व्होल्ट. फॅन चालू ठेवून कूलरचा फक्त पंप बंद केला तर ३ वर आला. पंप चालू, ३८. बंद, ३. बहीण हेडफोन घालून बसली होती, ती तिकडून ओरडतेय आला, गेला, आला, गेला. रात्रीचं कोडंही तिथेच उलगडलं, रात्री गारठा वाटला की आई पंप बंद करून नुसता फॅन ठेवते.

म्हणजे कूलरच्या पाण्यातल्या पंपाचं इन्सुलेशन गेलेलं, करंट अर्थच्या वायरीत उतरतोय, आणि ती वायर ज्या खड्ड्यात जाते तो खड्डा कोरडा ठणठणीत. आपली काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ओल गेली की मातीचा रेझिस्टन्स वाढतो, करंट जमिनीत जातच नाही आणि घरातल्या प्रत्येक तिसऱ्या पिनेवर व्होल्टेज चढून बसतं. थंडीत हम का नव्हता तर तेव्हा मातीत थोडीतरी ओल होती आणि कूलर माळ्यावर होता.

पण नुसतं अर्थवर व्होल्टेज चढून हेडफोनमध्ये हम येत नाही, सगळंच एकत्र वर गेलं तर फरक पडत नाही, करंटला बाहेर जायला दुसरा रस्ता लागतो. इथे ती एचडीएमआय. अँपची अर्थ, तिथून आरसीएची शील्ड (केबलची बाहेरची जाळी), डॅक, यूएसबीचा ग्राउंड, पाय, एचडीएमआय, टीव्ही, आणि टीव्हीच्या पाठीमागे केबलवाल्याची कोअॅक्स, जी बाहेर पोलवरच्या बूस्टरपाशी जमिनीला टेकलेली. कोअॅक्स टीव्हीतून काढून तिच्या कनेक्टरच्या बाहेरच्या कड्यापासून अँपच्या बॉडीपर्यंत मीटर धरला तर ३६ व्होल्ट एसी. घराचा खड्डा करंट घेईना म्हणून तो माझ्या आरसीएमधून पोलवर निघाला होता! हिशोब करा, शील्ड आणि कॉन्टॅक्ट मिळून ०.०५ ओहम धरा, २० मिलिअँप धरा, झाला १ मिलिव्होल्ट. डॅकचं फुल आउटपुट २ व्होल्ट, त्याच्या खाली ६६ डीबी. आलापात ऐकू येणारच. पॉवरबँकवर फरक का पडला नाही तेही आलं, पायचा सप्लाय बदलला तरी एचडीएमआय जागेवरच होती, आणि लॅपटॉपला एचडीएमआय लावलीच नव्हती.

एचडीएमआय काढली, हम गेला. गोष्ट इथे संपवता आली असती, पण कूलर आणि अर्थिंग तसंच ठेवून झोप लागेल का. पंप त्याच संध्याकाळी बदलला. वायरमन पुन्हा आला, मेन बोर्डात घराची अर्थ वायर सोडवून खड्ड्याकडे जाणाऱ्या टोकाला फेजवरून १०० वॉटचा बल्ब लावला. चांगल्या अर्थिंगवर तो न्यूट्रलवर पेटतो तसाच झगझगीत पेटायला हवा. इथे फिलामेंट नुसतं लालसर झालं, जेमतेम दिसेल इतकं. तो म्हणाला, "भाऊ, हाई अर्थिंग नुसती नावले शे." (ही टेस्ट घरी स्वतः करू नका, त्या वेळी ते टोक आणि खड्ड्याजवळची जमीन जिवंत असते.)

नवा खड्डा बाथरूमच्या सांडपाण्याच्या बाजूला घेतला, तिथे बारा महिने ओल असते. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी टाकायला फनेल, चेंबरवर झाकण. मला खरं तर मिठाऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरायचं होतं कारण मीठ ओल धरतं पण पाइपही खातं, पण इकडे ते लगेच मिळेना आणि वायरमनचा मिठावर फार जीव. खोदून काढलेला जुना पाइप जोडाजवळ इतका सडलेला की हाताने मोडला. आता न्यूट्रल-अर्थ १.५ च्या आसपास राहतो. फनेलमध्ये पाणी टाकायचं काम मी भाच्याला दिलंय, तो उत्साहाने करतो.

आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवायला सांगितलीय. माझ्या हिशोबातला तो २० मिलिअँपचा लीकेज बघितला तर तिने पंप खराब व्हायला लागल्यावरच लाइट घालवायला सुरुवात केली असती, कारण ३० ची म्हटली तरी ती १५ ते ३० च्या मधे कुठेही उडू शकते. जुन्या घरांत ही नसतेच. ज्यांच्याकडे लोखंडी कूलर आहे त्यांनी हम असो वा नसो, एकदा टेस्टर लावून बघा, उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, ही ऑडिओची गोष्टच नाही.

कव्हर आर्टचं काय, तर कोअॅक्सला लावायचाही आयसोलेटर मिळतो, आत नुसते कपॅसिटर असतात, तो घेणार होतो. आईची साडेसातची मालिका केबलवर असल्याने केबल काढणं हा विषयच नाही. पण हे टाइप करता करताच सुचलं की व्होल्युमिओ ब्राउझरमध्ये उघडतं, मग घरात पडलेला बॅटरी फुगलेला, नाही, तो नको, दुसरा तो तडा गेलेला टॅब आहे, तो वायफायवर अँपशेजारी उभा केला की झालं. टीव्हीची गरजच नाही. आयसोलेटर कॅन्सल.

आता हम गेल्यावर त्याच्या खाली दबलेलं एक दुसरं भूत वर आलंय. एचडी ६०० वर नाही, ती ३०० ओहमची, तिला असलं बारीक काही कळत नाही, पण सेन्सिटिव्ह आयईएम (कानात घालायचे इअरफोन) लावली की एक पातळ शीळ. स्पेक्ट्रममध्ये सुई ८ किलोहर्ट्झला. हायस्पीड यूएसबीचे मायक्रोफ्रेम (डेटा पाठवायचे ठोके) १२५ मायक्रोसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ८०००, तेव्हा आरोपी कोण ते उघड आहे. पायवर एसपीडीआयएफ हॅट (डिजिटल आवाज बाहेर काढणारं जोडकार्ड) बसवून ऑप्टिकलने, म्हणजे प्रकाशाच्या केबलने, डॅकला जायचं ठरवलंय, प्रकाशातून ग्राउंड जात नाही. ९६ किलोहर्ट्झच्या वर भरवसा नाही म्हणतात, माझं नव्वद टक्के कलेक्शन ४४.१ चं, चालेल. जिटरवाल्यांनी (ऑप्टिकलने सिग्नलचं टायमिंग डळमळतं म्हणणाऱ्यांनी) शांत राहावं.

हॅट ऑर्डर केलीय. टॉसलिंक (ती ऑप्टिकल) केबल मात्र जळगावच्या गोलाणी मार्केटला जाऊन हातात घेऊनच घेणार, कारण ऑनलाइनवाल्यांची टोकं ढिली निघतात असा दोघा-तिघांचा अनुभव ऐकला. माझ्या रॅकमध्ये केबलला बऱ्यापैकी काटकोनात वळावं लागतंय, कुणी प्लास्टिक फायबरवाली एवढी वाकवून वापरलीय का, की सरळ डॅकच उलटा फिरवून ठेवू? फोटो टाकतो संध्याकाळी, लाइट राहिली तर.